बोनेटखाली नेमकं कोणतं इंजिन?

यवतमाळच्या किंवा अमरावतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुन्या पिकअपचं हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखाली बसणारी सीलची चकती, मागा. काउंटरवरचा माणूस गाडीचा नंबर विचारत नाही, मॉडेलही विचारत नाही. "भाऊ, गाडीचं नाव नोका सांगू, इंजिन कोन्तं हाये थे सांगा." तो बरोबर बोलतोय. वीस-पंचवीस वर्षं कापसाचे गठ्ठे, संत्र्याचे क्रेट, तुरीची पोती आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिलेल्या गाडीत कारखान्यातून निघालेलंच इंजिन असेल, याची खात्री कुणी देऊ नये. एक इंजिन निकामी झालं की भंगारातून दुसरं येतं, पेट्रोलच्या जागी डिझेल येतं. आरसी बुकात मात्र जुनाच इंजिन नंबर आणि जुनीच सीसी राहते.

मग ओळखायचं कसं? जे बदलायला सोपं आणि स्वस्त, त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा. जे बदलायला इंजिनच नवं घ्यावं लागेल, त्याच्यावर सगळ्यात जास्त. स्टिकर दहा रुपयांत मिळतं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण, चार बोल्ट काढले की बदलतं, आणि कंपनीचं नाव नेमकं त्याच्यावरच ठळक असतं. डिझेल पंप, अल्टरनेटर, फिल्टरची बैठक हे सगळे पाहुणे, आज एका इंजिनावर तर उद्या दुसऱ्यावर. रंगाचं तर विचारूच नका; ओव्हरहॉल झालं की मिस्त्री ज्या रंगाचा डबा उघडा असेल तो मारतो.

गाडीचा सांगाडा मात्र जुन्या इंजिनाच्या खुणा सांभाळून ठेवतो. चेसिसवर कुठल्याच कामाचा नसलेला माउंटिंगचा ब्रॅकेट, त्याच्या शेजारी वेल्डिंगने जोडलेला नवा ब्रॅकेट, रेडिएटरच्या पाइपाला मध्येच घातलेला जोड, वाढवलेला किंवा कापलेला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा. डॅशबोर्डवर 'हीटर'चा दिवा आहे, पण इंजिनाला हीटर प्लगच नाहीत? मग या डॅशबोर्डला सवय होती ते इंजिन केव्हाच गेलं.

या हीटर प्लगजवळ जरा थांबू, कारण इथे खरं विज्ञान आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती कित्येकशे अंशांपर्यंत तापते, आणि त्या हवेत डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. जुन्या इंजिनांत हे दोन तऱ्हांनी घडवत. पहिल्या तऱ्हेत हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, एक लहान गोल खोली असते. डिझेल त्या खोलीत फवारलं जातं, तिथे पेटतं आणि ज्वाळा एका अरुंद वाटेने सिलिंडरमध्ये येते. खोलीच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून हवा जास्त दाबावी लागते, साधारण वीस ते तेवीस पट. एवढं करूनही डिसेंबरच्या सकाळी गार इंजिन पेटत नाही, म्हणून प्रत्येक खोलीत विजेवर तापणारा प्लग. दुसऱ्या तऱ्हेत खोली नाही. नोझल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात फवारतं. भिंती कमी, उष्णतेची गळती कमी, डिझेलची बचत जास्त. हवा साधारण सोळा ते एकोणीस पट दाबली तरी पुरतं आणि जुन्या थेट इंजेक्शनवाल्या बऱ्याच इंजिनांना हीटर प्लग लागतच नाही.

आवाजातही फरक पडतो. थेट फवाऱ्यात डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात साचलेलं सगळं एकदम पेटतं आणि दाब झटक्यात चढतो. जुनी बोलेरो पिकअप स्लोवर ठेवल्यावर जी कडकड करते ती हीच. खोलीवाल्या इंजिनाचा आवाज त्यामानाने गोल, दबका. जाणता मिस्त्री बोनेट न उघडता हे सांगतो. पण आवाजावर एवढंच समजतं. इंजिन कोणत्या घराण्याचं हे त्यावरून पक्कं होत नाही.

घराणं समजायला आकड्यांकडे यावं लागतं. जुन्या इंजिनांच्या नावातच पुष्कळदा सगळं लिहिलेलं असतं. टाटाचं ४८३ म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटर. ट्रकवाल्यांच्या ओळखीचं ६९७ म्हणजे तोच ९७ चा बोअर, पण ६ सिलिंडर. महिंद्राच्या जीपमध्ये आलेलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० म्हणजे ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास. हे दोन कळले की सीसी शाळेतल्या गणिताने निघते. ४९७ चा स्ट्रोक १०० मिलिमीटर. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार, सगळं सेंटिमीटरमध्ये: २९५६ सीसी. ४८३ चा स्ट्रोक ९०, म्हणून १९४८ सीसी. टाटाच्या छोट्या पिकअपच्या घराण्यात ही दोन्ही इंजिनं आली. दीडपट फरक आहे, पण धुळीने माखलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर बाहेरून तो चटकन कळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. विदर्भातल्या जुन्या जीप-पिकअपमध्ये सहज सापडणारी तीन डिझेल इंजिनं घ्या. बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे थेट इंजेक्शनवालं: बोअर ८८.९. प्यूजोचं एक्सडीपी: बोअर ९०. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समधलं, मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं: बोअर जवळपास ९१. तिघांत मिळून दोन मिलिमीटरचा फरक! त्यात इंजिन झिजलं की सिलिंडर घासून मोठा करतात आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकतात, पाव मिलिमीटरच्या टप्प्याने एक मिलिमीटरपर्यंत. आता ८८.९ चा सिलिंडर, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) न बदलता, एक मिलिमीटरने वाढवला तर झाला ८९.९. व्हर्निअर लावणारा म्हणेल, हे तर प्यूजो. बोअरवर भरवसा ठेवून गॅस्केट आणलं तर पैसे पाण्यात.

इथे स्ट्रोक कामी येतो. बोलेरोच्या डीआयचा १०१.६, प्यूजोच्या एक्सडीपीचा ८३, ओएम ६१६ चा ९२.४. आता नऊ-नऊ मिलिमीटरचं अंतर पडलं, कुठल्याही झिजेपेक्षा कितीतरी जास्त. आणि स्ट्रोक घासून वाढत नाही. तो क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यात, घडवलेला असतो. क्रँकपिन मध्यापासून जितका बाहेर, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. तो बदलायचा तर क्रँकच बदलावा लागतो, आणि दुसऱ्या घराण्याचा क्रँक या ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, बसत नाही. म्हणून माझ्या मते जुन्या इंजिनाची सगळ्यात प्रामाणिक साक्ष स्ट्रोकचीच. नंबर नंतर.

हेड उतरवलेलं असेल तर मोजणं सोपं आहे. पिस्टन सगळ्यात खाली असताना ब्लॉकच्या कडेपासून त्याच्या माथ्यापर्यंतची खोली घ्यायची, मग पिस्टन सगळ्यात वर आणून पुन्हा घ्यायची; दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. काही इंजिनांत तो कडेच्या वर किंचित डोकावतो, तेवढं मिळवायचं. बोअर घेताना मात्र व्हर्निअर सिलिंडरच्या मधोमध लावू नका. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत घासतात तिथपर्यंत सिलिंडर झिजतो, त्याच्या वर न झिजलेली एक बारीक कड उरते. नखाने चाचपली की ती लागते. शेवटच्या बोअरिंगनंतरचा खरा व्यास त्या कडेवर मिळतो.

हेड उतरवायचं नसेल तर काही जण नोझल काढून भोकातून तार सोडतात. खोलीवाल्या इंजिनात तार त्या लहान खोलीतच अडकते, पिस्टनपर्यंत जातच नाही. थेट इंजेक्शनमध्ये जाते, पण भोक बहुधा तिरकं असतं. वीस अंशांचा तिरकसपणा असेल तर १०१.६ चा प्रवास तारेवर १०८ भरतो. वर पिस्टनच्या माथ्यावर खळगा, त्यात तार कधी कडेला टेकते, कधी तळाला. म्हणजे अंदाज येतो, निकाल नाही. त्यापेक्षा खालचं ऑइलचं चेंबर उघडून क्रँक पाहिलेला बरा.

१०१.६ आणि ८८.९ हे आकडे असे अर्धवट का, हा प्रश्न डोक्यात आला असेल तर २५.४ ने भागा. नेमके चार इंच आणि साडेतीन इंच. हे इंजिन मिलिमीटरमध्ये आखलेलंच नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधल्या ट्रॅक्टरांना बीडी-१५४ नावाचं डिझेल इंजिन होतं, त्याची मापं हीच, साडेतीन बाय चार. त्याच्या आधीचं, बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन चार इंच स्ट्रोकचंच, बोअर थोडा लहान. बी-२७५ भारतात महिंद्राच्या सहयोगी कंपनीत तयार होऊ लागला आणि जुन्या माणसांना तो आजही आठवतो. वावरातल्या ट्रॅक्टरचा आणि धुऱ्यावर उभ्या पिकअपचा इतका जवळचा गणगोत दोन आकड्यांच्या भागाकारात सापडतो.

आता नंबरांकडे. ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो. उठावदार आकडे साच्यातून आलेले: वाळूत लाकडी किंवा धातूचा नमुना दाबला, पोकळीत वितळलेलं लोखंड ओतलं, नमुन्यावरची अक्षरं ब्लॉकवर फुगून आली. एका नमुन्याच्या हजारो ब्लॉकांवर हाच आकडा असतो, म्हणून त्यावरून घराणं कळतं. खोलगट आकडे मात्र नंतर घासून सपाट केलेल्या जागेवर ठोकलेले. तो या एकाच इंजिनाचा नंबर, आरसीत असतो तो. ग्रीस आणि माती डिझेलच्या बोळ्याने आणि तारेच्या ब्रशने काढायची, खोलगट आकड्यांवर खडू घासून वरून पुसायचा, आकडे पांढरे उठतात. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलही फिरवता येते.

काही ओतशाळा ब्लॉकवर तारीखही उमटवतात, कधी सरळ आकड्यांत, कधी घड्याळासारख्या छोट्या चकतीवर. ब्लॉक गाडीच्या काही महिने आधी ओतलेला असणं स्वाभाविक आहे. गाडीच्या नंतर ओतलेला निघाला तर मात्र आरसीतला नंबर काहीही असो, ते इंजिन त्या गाडीसोबत जन्मलेलं नाही.

नंबर ग्राइंडरने घासून उडवलेला असेल तर? ठोकताना पंच नुसता खड्डा पाडत नाही, खड्ड्याच्या खालच्या धातूचे कणही चेपतो. वरचा थर घासला तरी चेपलेले कण खोलवर राहतात आणि ॲसिडला ते शेजारच्या कणांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतात. पोलादी चेसिसवर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण लावलं की पुसलेले आकडे थोडा वेळ सावलीसारखे दिसू लागतात. न्यायसहायक प्रयोगशाळांत ही पद्धत नित्याची आहे. घरी हे करायला जाऊ नका. एक तर ॲसिड, दुसरं म्हणजे पुरावा कायमचा खराब होतो. घासलेला नंबर दिसला तर गाडी घेऊच नये, मग किंमत कितीही खाली येवो.

नंबर शाबूत आहे, पण आरसीशी जुळत नाही, एवढंच असेल तर ते चोरीचंच असतं असं नाही. बहुतेक वेळा कुणीतरी इंजिन बदललं आणि कागद करायला आरटीओत गेलंच नाही. इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकरणाची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा नंबर जुळवतो. म्हणून जुनी पिकअप घेताना इंजिन ज्या दुकानातून आलं त्याचं बिल विकणाऱ्याकडे मागा, आणि नोंद त्याच्याच नावावर असताना, सौद्याच्या आधी, करून घ्या.