जुनी लक्झरी कूपे विकायला आणताय? आधी चेक इंजिनचा दिवा पुसून आणू नका

आम्ही जुन्या गाड्या घेतो-विकतो. कूपे, म्हणजे दोन दाराची मर्सिडीज, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू सिक्स सिरीज, जॅग्वार एक्सके असलं काही विकायला आणणारा जवळपास प्रत्येक जण आम्हाला एकच विचारतो, की एवढी महाग गाडी आणि भाव एवढाच कसा. विचारणं बरोबरच आहे. २०१५ ला नवी टीटी आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूमच ६० लाखांच्या वर होती, त्यावर टॅक्स, इन्शुरन्स वेगळा, त्यामुळे आज समोरून येणारा आकडा ऐकून वाईट वाटतं हे आम्हाला समजतं. म्हणून भाव कसा निघतो ते एकदा नीट लिहून ठेवतोय. आणि त्यासोबत एक विनंती आहे, खरं तर हा कागद छापायचं मुख्य कारण तीच आहे: इकडे यायच्या आधी मेकॅनिककडून एरर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड, ज्यामुळे चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो) क्लियर करून, म्हणजे पुसून, आणू नका. का ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी भावाचं. जुन्या कूपेला गिऱ्हाईक कमी असतं. घरात चार माणसं, आई-वडिलांना मागे बसवायचंय, सोसायटीच्या गेटवर उंच स्पीडब्रेकर आहे, असा माणूस सेडान किंवा एसयूव्ही घेतो. कूपे घेणाऱ्याकडे बहुतेक वेळा रोजची गाडी आधीच असते आणि ही तो हौसेने घेतो. त्यात दहा-बारा वर्षांच्या पुढच्या गाडीला बहुतेक बँका लोन देत नाहीत, म्हणजे पूर्ण पैसे रोख मोजणाराच गिऱ्हाईक उरतो, आणि रोख देणारा माणूस घाईत नसतो, तो दहा गाड्या बघतो.

दुसरं कारण पार्टचं. ई-क्लास सेडान इथे चाकणला जोडली जाते, कूपे मात्र पूर्ण तयार होऊन जहाजाने आली. २००९ ते २०१७ या काळातली ई-क्लास कूपे नावाने ई-क्लास असली तरी खालून बरीचशी सी-क्लासवर बेतलेली आहे, त्यामुळे सस्पेन्शनचे बरेच पार्ट मिळून जातात, पण बॉडी पूर्ण वेगळी. फ्रेम नसलेल्या दाराची काच, मागची क्वार्टर ग्लास, टेललॅम्प हे सेडानचं बसत नाही. एक टेललॅम्प फुटला की कंपनीकडून मागवा नाहीतर शारजाच्या जुन्या पार्टवाल्यांकडे चौकशी करा, आणि तोपर्यंत गाडी उभी. घेणाऱ्याला हे सगळं माहीत असतं आणि तो ते भावातून वजा करतो.

थोडक्यात आमचा हिशोब असा चालतो, की तशीच गाडी चांगल्या कंडिशनमध्ये आज खरोखर कितीला जाते, आणि त्यातून या गाडीचं पुढचं मोठं बिल वजा. ऑनलाइन जाहिरातीतला आकडा मागितलेला असतो, मिळालेला नसतो, हे कृपया लक्षात घ्या, काही जाहिराती तर वर्षभर तशाच पडून असतात.

हे पुढचं बिल म्हणजे काय ते मॉडेलनुसार ठरतं. २००५ ते २००७ च्या आसपासची मर्सिडीज सीएलएस ३५० (चार दारांची असली तरी कंपनी तिला कूपेच म्हणते) असेल तर तिच्या व्ही-सिक्स इंजिनात बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा, गिअर झिजतो ही माहिती आता सगळ्यांकडे आहे, आणि त्या कामाला इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणजे पार्टपेक्षा मजुरी भारी. बीएमडब्ल्यू ६५०आय च्या व्ही-एटमध्ये व्हॉल्व्ह स्टेम सील (तेल सिलिंडरमध्ये जाऊ न देणारे रबरी सील) कडक होतात, सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहून निघालं की मागे निळसर धूर येतो, शिवाय कूलंटचा आतला पाइप गळतो, दोन्ही कामं तासन्‌तास चालणारी. टीटीला डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल दर ६०,००० किमीला बदललेलं असलं पाहिजे, त्याचं बिल आहे का हा आमचा पहिला प्रश्न. एक्सकेचं सुरुवातीचं ५ लिटरचं इंजिन असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला टायमिंग चेनचा खडखडाट येतो का ते ऐकावं लागतं, आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असल्यामुळे साध्या गल्लीतल्या डेंटिंगवाल्याने हात लावलाय का तेही. यातलं काम तुम्ही आधीच केलं असेल आणि बिल असेल तर तुमच्या गाडीचा भाव शेजारच्या तशाच गाडीपेक्षा सरळ वर जातो, आम्ही तो देतो, घेणाऱ्यालाही ते बिल दाखवतो.

आता मुख्य विषय.

होतं असं, की विकायचं ठरलं की माणूस गाडी धुवून-पुसून घेतो, आणि मीटरमध्ये पिवळा दिवा दिसतोय तर बरं दिसत नाही म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडे जातो, तो स्कॅनर लावून एरर क्लियर करतो, दिवा गेला, गाडी आमच्या दारात. यात बहुतेकांचा फसवायचा हेतू नसतो हे आम्ही मनापासून सांगतो, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसंच ते असतं. पण आम्ही स्कॅनर लावला की काय दिसतं बघा. एरर एकही नाही, पण गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची, पेट्रोलच्या वाफेची, त्या सगळ्यांसमोर ‘अपूर्ण’, कारण एरर पुसला की त्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आणि बहुतेक गाड्या एरर पुसल्यापासून किती किमी चालल्या तेही सांगतात. तो आकडा जर बरोबर तुमच्या घरापासून आमच्यापर्यंतच्या अंतराएवढा निघाला, तर आम्ही पुढे काय बोलायचं?

अशा गाडीला आम्ही त्या दिवशी भाव देऊच शकत नाही. त्या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी रात्रभर थंड व्हावी लागते, मग स्टार्ट करून काही मिनिटं तशीच, मग गावातून, मग हायवेला एका स्पीडला बराच वेळ, आणि हे सगळं एकदा करून भागेलच असं नाही. वाफेच्या तपासणीचं तर असं आहे, की टाकी फुल असली किंवा अगदी तळाला असली तर ती सुरूच होत नाही. म्हणजे तासा-दीड तासाचं काम दोन-तीन दिवसांवर जातं, गाडी आमच्याकडे अडकते, तुम्हाला रिक्षाने जावं लागतं, आणि शेवटी जो एरर पुसला होता तोच परत येतो. मग मालक आमच्यावर नाराज.

वेळेपेक्षा जास्त नुकसान पैशाचं आहे. त्याच सीएलएसचं उदाहरण घ्या. तिच्यात कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंगचा एरर आहे समजा. तो फक्त एका बाजूच्या कॅमचा असेल तर बऱ्याचदा मॅग्नेट किंवा सेन्सरपर्यंत काम निघतं, किरकोळ खर्च. दोन्ही बाजूंचा सारखाच असेल तर संशय थेट बॅलन्स शाफ्टवर, म्हणजे इंजिन खाली. एरर जागेवर असला की आम्हाला कुठली बाजू ते कळतं, शिवाय तो आला तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, किती आरपीएमवर होतं, ही त्या क्षणाची नोंदही गाडीत असते. पुसलं की हे सगळं गेलं. आता आमच्यासमोर एक गाडी आहे जिच्यात काहीतरी होतं आणि काय होतं ते माहीत नाही, तर आम्हाला इंजिन उतरवायचा खर्च धरूनच भाव काढावा लागतो. दिवा लावून आणलेल्या गाडीतून जेवढे कापले असते त्याच्या कितीतरी पट जास्त कापले जातात, आणि ते कापताना आम्हालाही बरं वाटत नाही.

बॅटरीची वायर काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं, म्हणजे ‘स्कॅनर लावलाच नाही’ म्हणून उपयोग नाही. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, बॅटरी बसली असेल आणि मीटरमध्ये पाच-सहा दिवे पेटले असतील तर घाबरू नका, व्होल्टेज कमी झालं की या गाड्या एबीएसपासून स्टिअरिंगपर्यंत कशाचेही एरर दाखवतात. आम्ही चार्जर लावून पुन्हा स्कॅन करतो, त्यातले खोटे कुठले ते समजतं, त्याचे पैसे कापत नाही. गाडी तशीच आणा एवढंच.

याच कारणासाठी इंजिन वॉश करून आणू नका. कोरडं, धुळकट इंजिन आम्हाला आवडतं, कारण तेल कुठून पाझरतंय ते त्यावर दिसतं.

‘फोटो पाठवलेत, व्हॉट्सअ‍ॅपवरच भाव सांगा’ असंही खूप जण म्हणतात. सांगता येतो, पण मग तो आकडा गाडी बघितल्यावर बदलणार. फोनवर मोठा आकडा सांगून माणसाला लांबून बोलवायचं आणि गाडी दारात आली की एकेक स्क्रॅच दाखवत कापत बसायचं, तसा धंदा आम्हाला करायचा नाही. त्यामुळे बघितल्याशिवाय भाव नाही, आणि बघून दिलेला भाव सात दिवस तोच राहतो.

आता भावात काय धरलं जात नाही ते. इन्शुरन्सची आयडीव्ही (पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत) म्हणजे बाजारभाव नव्हे. पाच वर्षांपर्यंत तिला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो, त्यापुढे तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने आकडा लिहिला जातो, जास्त लिहिला म्हणून गाडीला जास्त मिळत नाही. कंपनीच्या नावावर घेतलेली किंवा इम्पोर्टेड म्हणून २० टक्के रोड टॅक्स भरलेली गाडी असेल तर तो खर्चही परत येत नाही, फक्त एमएच पासिंग असल्यामुळे परराज्यातल्या गाडीपेक्षा ती लवकर जाते, कारण घेणाऱ्याला एनओसी आणि इथला टॅक्स हे चक्कर नसतं. आफ्टरमार्केट (बाहेरून बसवलेले) अलॉय, एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग) यांनी भाव वाढत नाही, उलट जपून वापरलेली ओरिजिनल गाडी शोधणारेच जास्त असतात, म्हणून काढलेले ओरिजिनल पार्ट टेरेसवर पडले असतील तर सोबत घेऊन या, त्याने खरंच फरक पडतो.

‘ठेवून देतो, क्लासिक झाली की भाव येईल’ हा विचार काही गाड्यांच्या बाबतीत बरोबर आहे. पोर्शे ९११, बीएमडब्ल्यू एम किंवा मर्सिडीज एएमजीची खरी परफॉर्मन्स मॉडेल्स, टर्बो नसलेली मोठी इंजिनं, मॅन्युअल गिअर, यांना मानणारे लोक आहेत आणि त्यांचा भाव टिकतो. साध्या इंजिनाच्या कूपेचं मात्र तसं दिसत नाही. आणि सरकारी नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या पुढची गाडी, तोपर्यंत तिला बाकीच्या गाड्यांसारखंच सगळं लागू. १५ वर्षं झाली की फिटनेस आणि री-पासिंग (आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण), दर पाच वर्षांनी परत. एप्रिल २०२२ पासून त्याची फी साध्या खासगी कारला ५,००० आणि इम्पोर्टेड कारला ४०,००० रुपये आहे, २० वर्षांच्या पुढे २०२५ मध्ये ती दुप्पट झाली, पर्यावरण कर वेगळा. २०१० ते २०१२ ची गाडी असेल तर तारीख जवळ आली असेल किंवा उलटून गेली असेल, आरसी एकदा बघा. मुदत शिल्लक असताना विकलेली गाडी आणि मुदत संपलेली गाडी यांच्या भावात आमच्याकडे तरी सरळ फरक पडतो.

कागदांचं पटकन. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं जेवढी असतील तेवढी. दुसरी चावी हरवली असेल तर आधी सांगा, या गाड्यांची चावी प्रोग्रॅम करून घ्यायला बराच खर्च येतो. लोन फिटलं असेल तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा). एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावून घ्या, तिच्याशिवाय आरटीओत ट्रान्सफर अडतं. आणि गाडी आम्हाला द्या किंवा दुसऱ्या कुणाला, नाव ट्रान्सफर झाल्याची खात्री करा. आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. आम्ही फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे) वर सही घेतो आणि ट्रान्सफर झाल्यावर नव्या आरसीची कॉपी तुम्हाला पाठवतो, न मागता.

विकायचे दोन मार्ग आहेत. आम्ही सरळ विकत घेतो, पैसे लगेच, भाव थोडा कमी, कारण गाडी किती महिने उभी राहील ती जोखीम आमची. किंवा पार्क अँड सेल, गाडी आमच्याकडे, किंमत आपण मिळून ठरवतो, विकली की आमचं कमिशन. कूपेच्या बाबतीत आम्ही बहुतेकांना दुसराच मार्ग सुचवतो, घाई नसेल तर त्यात तुमच्या हातात जास्त येतात. जीएसटीबद्दल गैरसमज नको, आम्ही विकत घेऊन विकतो तेव्हा १८ टक्के आमच्या मार्जिनवर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही.

तपासणीसाठी आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी सोडली तर उत्तम, म्हणजे सकाळचा थंड स्टार्ट आम्हाला स्वतः ऐकता येतो. टाकी अर्धी असू द्या. शेवटचे १०० किमी तरी गाडी नेहमीसारखी चालवलेली असावी, आणि काही आवाज, गळती, दिवा तुम्हाला माहीत असेल तर एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर ठेवा. तपासणीचे पैसे नाहीत. स्कॅनचा आणि पेंटच्या जाडीचा रिपोर्ट तुम्हाला मिळतो, गाडी आम्हाला विकली नाही तरी, तो दुसरीकडे दाखवायला आमची हरकत नाही. सोमवारी बंद असतो, बाकी दिवशी येण्याआधी फोन करून वेळ घ्या.