भाकरी निखाऱ्याला, पिझ्झा घुमटाला

पुण्यातल्या धायरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बाप, लेक आणि सून मिळून लाकडावर पेटणाऱ्या पिझ्झाच्या भट्ट्या बांधतात. मी पोहोचलो तेव्हा काका फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा, निवडत बसले होते. वीट हातावर तोलायची, पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द आवाज आला तर बाजूला. बद्द म्हणजे आत कुठेतरी चीर.

"पिझ्झा आम्ही फारसा खात नाही," काका म्हणाले, "पण भाकरी कळली की भट्टी कळते."

चुलीवरची भाकरी आधी तव्यावर शेकते, मग निखाऱ्याला लावली की टम्म फुगते. तव्याची उष्णता स्पर्शाने येते, निखाऱ्याची प्रारणाने, म्हणजे न शिवता, उन्हासारखी. भट्टीत दोन्ही एकदम होतं: खालची फरशी तव्याचं काम करते, घुमट निखाऱ्याचं. नेपल्सच्या पद्धतीत फरशी 430 आणि घुमट 485 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणून पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत तयार. घरचा ओव्हन बहुधा 250 अंशांवर थांबतो. आकडा दुप्पटही झालेला नाही, पण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणाऱ्या केल्विनच्या, चौथ्या घाताने वाढतं. 523 केल्विनचे 758 झाले, की ते चौपटीहून अधिक होतं.

मग फरशी लोखंडाची का नको? लोखंड एवढ्या तापमानाला उष्णता इतक्या झपाट्याने सोडतं, की वरचं चीज वितळायच्या आत बूड करपेल. वीट तेवढीच तापलेली असली तरी हात राखून देते.

घुमटाच्या सांध्यात साधं सिमेंटही चालत नाही. सिमेंट धरून राहतं ते त्यात रासायनिकरीत्या बांधलेल्या पाण्यामुळे, आणि या तापमानाला ते पाणीच निघून जातं. वाळूतलं क्वार्ट्झ तर 573 अंशांना रचना बदलून एकदम फुगतं. ज्वाळेलगतचा सांधा तिथवर सहज पोहोचतो. म्हणून सांध्याला फायर क्ले, म्हणजे आग सोसणारी माती, आणि तोही पातळच.

खरा कस लागतो बांधून झाल्यावर. घर बांधलं की आपण पाणी मारतो. इथे पाणी बाहेर काढायचं असतं. ओल्या भट्टीत मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला सुमारे 1,700 पट जागा लागते. वाट मिळाली नाही तर ती वीट फोडून बाहेर पडते. म्हणून पाच-सहा दिवस रोज थोडा थोडा वाढवत जाळ. एका गिऱ्हाइकाने वाढदिवसाच्या घाईत पहिल्याच दिवशी भट्टी पेटवली. घुमटाला कळसापासून तोंडापर्यंत तडा गेला. "वर आम्हालाच फोन!" सूनबाई म्हणाल्या.

तोंडाचं मापही ठरलेलं. घुमट आत 16 इंच उंच, तर तोंड 10 इंच. गार हवा खालून आत जाते, धूर तोंडाच्या वरच्या अंगाने निघतो. तोंड उंच केलं तर घुमटाखाली साठलेली गरम हवाच निसटते.

भट्टी तापली हे कसं ओळखायचं? लेकाकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. काका घुमटाकडे बघतात. आधी काजळीने काळा झालेला घुमट तापत गेला की काजळीच जळून जाते आणि वीट पांढरी दिसू लागते. मग चिमूटभर पीठ फरशीवर. मी होतो त्या दिवशी पीठ पडताक्षणी काळं झालं. लेकाने थर्मामीटर रोखला, आकडा वाचला आणि फार तापलेली फरशी निववायला ओल्या फडक्याचं दांडकं उचललं.

"थांब," काका म्हणाले, "आधी दोन लाकडं मागे सार."