छापील देव, फुले आणि क्रिटिकल थिअरी: पुण्याची पार्श्वभूमी

क्रिटिकल थिअरी, म्हणजे कला-संस्कृतीमागची सत्ता तपासणारा विचार, ही परदेशातून आलेली, चित्रकाराला उगाच शब्दांत गुंतवणारी गोष्ट आहे, असं पुण्याच्या चित्रवर्तुळात अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. चित्र कोण घडवतं, कोणासाठी घडवतं आणि त्यातून कोणाची सत्ता पक्की होते, हे प्रश्न या शहरात फार आधी उभे राहिले.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली. मत्स्य, वराह, नृसिंह, वामन या अवतारांच्या कथांमागे विजेत्यांचा इतिहास दडलेला आहे, असं त्यांनी मांडलं. पाचच वर्षांनी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात ‘चित्रशाळा’ हा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांची, मराठी इतिहासातल्या पुरुषांची रंगीत चित्रं घरोघर जाऊ लागली. एकाच शहरात एकीकडे पुराणाची चिकित्सा आणि दुसरीकडे त्याच पुराणाची छपाई! हा योग कलेच्या इतिहासात ठळकपणे शिकवला जायला हवा.

या चित्रांच्या शिळाछपाईचं काम चिकाटीचं. दगडावर स्निग्ध शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जातो आणि एखादा रंग केसभर सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांची लाली ओठांबाहेर जाते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखानाही पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला.

ज्या संस्थेशी क्रिटिकल थिअरी जोडली जाते ती जर्मनीतल्या फ्रँकफर्टची समाजसंशोधन संस्था स्थापन झाली १९२३ मध्ये. ‘क्रिटिकल थिअरी’ हे नाव तिथल्या माक्स होर्कहायमर या तत्त्वज्ञाने १९३७ च्या निबंधात रूढ केलं. त्याच्या आदल्या वर्षी जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिनचा निबंध छापून आला होता: यंत्राने प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं तेजोवलय विरतं. आपल्याकडे मात्र प्रतीलाच हळदकुंकू लागलं, हार चढला. देवळाच्या पायरीवर अडवलेल्यांच्या घरातही देव आला. बेन्यामिन इथे वाचायचा तर देव्हाऱ्यातल्या या तसबिरीसमोर बसून वाचावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर पुण्यात हा विचार बराचसा सिनेमाच्या वाटेने आला. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये फिल्म अर्काइव्ह. प्रतिमा कशी रचली जाते आणि ती बघणाऱ्याला कुठे उभं करते, यावर तिथे तासन् तास वाद झाले.

चित्रकलेत प्रतिमेला असे प्रश्न विचारण्याची ओढ मला सगळ्यात स्पष्ट दिसते ती सुधीर पटवर्धनांमध्ये. जन्म पुण्याचा, वैद्यकीय शिक्षण इथल्याच ए.एफ.एम.सी.त, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. पुढे ते मुंबईला गेले. मार्क्सवादाने प्रभावित झालेल्या या डॉक्टरने कामगाराचं शरीर रंगवलं ते घोषणेसाठी नव्हे. थकलेली, जड, आपल्याच विचारात असलेली माणसं त्यांनी कॅनव्हासवर आणली. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खक्कर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख यांच्यासोबत ते होते आणि कलासमीक्षक गीता कपूर यांचा निबंध त्या प्रदर्शनाचाच भाग होता. हल्ली चित्राशेजारी चिकटवलेल्या कन्सेप्ट नोटमध्ये थिअरीची भारदस्त नावं असतात, पण चित्राशी त्यांचा वाद झालेला दिसत नाही. पटवर्धनांनी तो वाद प्रेक्षकापर्यंत नेला: इतर चित्रकारांची चित्रंही त्यांनी फिरत्या प्रदर्शनातून महाराष्ट्रातल्या शहरांत नेली, कारण ज्यांची चित्रं काढायची त्यांना ती बघायला मिळायला हवीत.