बूड घासणारं कुत्रं आणि खवट लोण्याचा वास

गेल्या महिन्यात आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ओसरीच्या शहाबादी फरशीवर एक पांढरं पॉमेरियन मागचे पाय पुढे ताणून, बूड टेकवून सरकतंय. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि मग सल्ले. ‘‘जंत झाल्यात बघा त्याला, गोळी घाला.’’ ‘‘नजर लागली असंल, काळा दोरा बांधा.’’

चार वर्षांपूर्वी आमची कुत्री राणी अशीच सरकायला लागली, तेव्हा मीही जंताची गोळीच दिली. दोनदा दिली. फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या शेपटीखाली लालभडक फुगवटा आला, ती बसेना आणि रात्री फुगवटा फुटून चादर रक्त-पुवानं भरली. वेळेवर माहिती असती तर तिचा तो त्रास वाचला असता, म्हणून हे लिहितो आहे.

कुत्र्याच्या गुदद्वाराभोवती एकात एक असे दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप चालतो, बाहेरचा कुत्र्याच्या ताब्यात असतो. या दोहोंच्या मधल्या फटीत दोन बाजूंना एकेक छोटी पिशवी असते. शेपटी घड्याळातल्या बारावर आहे असं धरलं तर पिशव्या चार आणि आठ या आकड्यांवर येतात. लहान कुत्र्यात वाटाण्याएवढी, मोठ्यात द्राक्षाएवढी. प्रत्येकीतून एक बारीक नळी गुदद्वाराच्या कडेला उघडते. सगळे या पिशवीला गुदग्रंथी म्हणतात, पण खरं म्हणजे ती साठवणीची पिशवी आहे. ग्रंथी तिच्या भिंतीत असतात, घामाच्या ग्रंथींचंच बदललेलं रूप.

ही पिशवी रिकामी कशी होते, यातच सगळी गोम आहे. लिंबू पिळायचा चिमटा आठवा. लिंबू मधे आणि दोन्ही बाजूंनी दाब. इथं लिंबाच्या जागी पिशवी, बाहेरून दाबणारा स्नायू आणि आतून दाबणारी घट्ट शी. कुत्रं शी करतं तेव्हा बांधीव शी आतून पिशवी रेटते, बाहेरचा स्नायू सहजी हटत नाही आणि दोन-चार थेंब शीवर पडतात. आता शी पातळ आहे असं समजा. चिमट्याची एक बाजू लोखंडाची आणि दुसरी मळलेल्या कणकेची झाली तर लिंबू पिळलं जाईल का? पिशवी भरलेलीच राहते. आतल्या द्रवातलं पाणी कमी होत तो गव्हाच्या खळीसारखा दाटतो, मग नळीतून तो निघूच शकत नाही. कुत्र्याला तिथं भरल्याभरल्यासारखं होतं, खाजतं, ते फरशीवर घासतं. जंतू वाढले की सूज, मग पू, आणि शेवटी त्याच चार किंवा आठच्या जागी कातडी फुटते. राणीचं आठवर फुटलं होतं.

कधीकधी कुत्रं घाबरलं की तो बाहेरचा स्नायू एकदम आवळतो आणि पिशवी एका झटक्यात रिकामी होते. दिवाळीत लवंगी फुटल्यावर घरभर अचानक घाण वास सुटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

त्या वासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला यातलं सगळ्यात सुंदर विज्ञान तिथं दिसतं. पिशवी म्हणजे आंबवायचा एक बंद हंडाच. आत ऊब आहे, प्राणवायू फारसा नाही, खायला ग्रंथींतून झिरपलेली चरबी आणि प्रथिनं, शिवाय भिंतीच्या गळून पडलेल्या पेशी. प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू यावर वाढतात आणि छोट्या साखळीची मेदाम्लं तयार करतात: शिरक्यातलं अॅसेटिक, मग प्रोपिऑनिक, मग ब्युटिरिक. ब्युटिरिकचं नावच लोण्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलंय, कारण खवट लोण्याला वास येतो तो त्याचाच. जोडीला ट्रायमिथिलअमाइन, म्हणजे शिळ्या मासळीचा वास. कुणाच्या पिशवीत कुठले जिवाणू किती, यावर मिश्रण बदलतं, म्हणजे वासही बदलतो. 1976 साली प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. गॉर्मन यांनी दाखवलं की आपल्याकडचं छोटं मुंगूस दुसऱ्या मुंगसाला याच पिशवीच्या वासावरून ओळखतं आणि ती ओळख अशा आम्लांच्या प्रमाणात असते. 2013 साली केनियातल्या तरसांवर झालेल्या अभ्यासात ठिपकेवाल्या आणि पट्टेवाल्या तरसांच्या पिशव्यांतले जिवाणू वेगवेगळे निघाले, आणि जिवाणू बदलले तशी मेदाम्लंही बदललेली आढळली. तरस गवताच्या काडीवर जो पिवळट लगदा लावून जातो त्याला इंग्रजीत ‘तरसाचं लोणी’ म्हणतात. पट्टेवाला तरस उत्तर कर्नाटकातल्या माळरानांवरही आहे. दोन कुत्री भेटल्यावर एकमेकांच्या शेपटीखाली नाक घालतात, तेव्हा तिथं ही बातमी वाचली जात असते. त्यांना हाडहूड करून ओढू नये.

आता जंतांचं. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीचे तुकडे शीबरोबर बाहेर येतात, शेपटीखाली वळवळतात आणि खाज आणतात. वाळल्यावर ते तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. अंथरुणावर किंवा केसांत असे दाणे दिसले तर समजावं. पण हा कृमी पिसवांतून येतो. अंग चावताना कुत्रं पिसू गिळतं आणि तिच्या पोटातली अळी कुत्र्यात मोठी होते. गोल कृमींवरची साधी गोळी यावर चालत नाही, औषधात प्राझिक्वांटेल हवं आणि पिसवाही घालवायला हव्यात. लहान मुलाच्या तोंडात अशी पिसू गेली तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो. याशिवाय अॅलर्जी, शेपटीखालचे गुंतलेले केस, हगवण ही कारणं असतातच.

काळ्या दोऱ्यानं पिशवी रिकामी होत नाही, पण दोऱ्यावर विसंबून दोन आठवडे जातात, आणि तेवढ्यात पू होतो. त्याहून वाईट म्हणजे तंबाखूचं पाणी. निपाणीकडं तंबाखू घरोघरची, म्हणून जनावराच्या उवांवर, जखमेवर ते लावलेलं मी पाहिलंय. फुटलेल्या कातडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं, आणि छोट्या कुत्र्याला ते जिवावर बेतू शकतं. जंतांसाठी भाकरीत लसूण कुटून घालतात, तोही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. मोबाइलवरचे ‘दर आठवड्याला घरीच पिळा’ असे व्हिडिओही त्याच रांगेतले. चांगली पिशवी उगाच दाबत राहिलं तर तीच सुजते. जी आपोआप रिकामी होते तिला हात लावू नये.

राणीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा त्यांनी आधी तोंडाला फडकं बांधलं, कारण दुखऱ्या जागी हात लागला की मायेचं कुत्रंही चावतं. हातमोजा, बोटाला जेली, बोट आत, अंगठा बाहेर आणि हलका दाब. उजव्या पिशवीतून करड्या-तपकिरी लगद्याचा एक धागा कापसावर आला, अगदी टूथपेस्टसारखा. डावी फुटलीच होती, ती मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुतली. अँटिबायोटिक आणि वेदनेचं औषध दिलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी जखम उघडी राहिली तर माशा बसून दोन दिवसांत किडे पडतात, म्हणून, आणि तिनं ती चाटू नये म्हणून, गळ्यात प्लास्टिकचा गोल घालून तिला आठ दिवस घरात ठेवली.

मग त्यांनी विचारलं, ‘‘खायला काय घालता?’’ दूध-चपाती, आणि पाहुणे आले की चमचाभर कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. मोठ्या कुत्र्यांच्या पोटात दुधाची साखर पचवणारं विकर कमी असतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते. पुढचं वर सांगितलंच आहे. दूध, कुंदा, बिस्किटं बंद झाली. उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, आणि अर्धा चमचा इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून जेवणात सुरू झाला. सव्वा किलो वजन उतरवायचं ठरलं, कारण लठ्ठ कुत्र्यात चरबीमुळे तो दाबच नीट बसत नाही. सगळ्यांना एवढ्यानं गुण येतोच असं नाही, काहींना दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडं न्यावं लागतं. फारच वारंवार झालं तर पिशव्या शस्त्रक्रियेनं काढतात, पण आजूबाजूच्या नसा दुखावल्या तर शी रोखता येत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र अंगावर काढू नका. याच पिशवीच्या ग्रंथींचा एक कर्करोग आहे. गाठ वाटाण्याएवढी असतानाच तो पोटातल्या लसिकाग्रंथींत पोचू शकतो. काही कुत्र्यांत तो रक्तातलं कॅल्शियम वाढवतो, मग कुत्रं पाण्याचं भांडं सारखं रिकामं करतं आणि अंगणभर मुततं. बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही, ती गाठ बोटालाच लागते. कुत्रं आठ वर्षांच्या पुढचं असेल तर दरवर्षी रेबीजच्या लशीला न्याल तेव्हा शेपटीखाली एकदा बोटानं तपासायला सांगा.