जैवसक्रिय काच

हाडाशी रासायनिक बंध जुळवणारी आणि हळूहळू विरघळत आपली जागा नव्या हाडाला देणारी काच. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी ती १९६९ मध्ये तयार केली. त्याच्या दोन वर्षे आधी एका बसप्रवासात व्हिएतनामहून परतलेल्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांना विचारले होते, की शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्हाला करता येईल का? शरीरात बसवायची वस्तू जितकी निष्क्रिय तितकी बरी, असा तेव्हाचा समज होता. पण निष्क्रिय वस्तूभोवतीही शरीर तंतुमय ऊतीचे वेष्टन घालते आणि हाड तिला धरत नाही. हेंच यांनी उलटी वाट धरली.

त्यांच्या मूळ काचेत वजनाने सिलिका ४५ टक्के, सोडियम व कॅल्शियमची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के होते. खिडकीच्या काचेत सिलिका सुमारे ७० टक्के असते, म्हणून ती पावसापाण्यात टिकते. इथे टिकू नये हाच हेतू. सिलिका ६० टक्क्यांपुढे गेली की हाडाशी बंध जुळतच नाही.

शरीरद्रवात ही काच भिजली, की तिच्यातील सोडियम बाहेर पडते आणि द्रवातील हायड्रोजन आयन त्याची जागा घेतात. पृष्ठभागावर सिलिकेचा जेलसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचून हाडातल्या खनिजासारखे ॲपेटाइट तयार होते आणि त्यात कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे धागे गुंततात. हाडाच्या पेशींना ती जणू घरचीच वाटते. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले तुकडे सहा आठवड्यांनी ओढूनही निघेनात. पुढे असेही दिसले, की विरघळून बाहेर पडणारे आयन अस्थिपेशींतील काही जनुके जास्त सक्रिय करतात.

१९८५ पासून मध्यकर्णातील हाडांच्या जागी, मग दातांच्या उपचारांत व संवेदनशील दातांसाठीच्या टूथपेस्टमध्ये ती वापरात आली. फिनलंडमध्ये विकसित झालेला एक प्रकार भोवतालची आम्लारिता वाढवून जंतूंना रोखतो. हाडाच्या चिवट संसर्गात त्याचा उपयोग होतो. ठिसूळपणा मात्र सुटलेला नाही, त्यामुळे भार पेलणाऱ्या जागी ती एकटी चालत नाही.

भोवतालच्या गरजेनुसार आपले वागणे बदलणाऱ्या पदार्थाला ‘अनुकूलनशील’ म्हणतात; या काचेला तसे म्हणणे थोडे सैलच. तिचा विरघळण्याचा वेग मुख्यतः भट्टीतच ठरतो. झुरिक येथे जेफ्री हबेल यांच्या गटाने केलेल्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीदार जेलमध्ये, मात्र जाळीचे दुवे पेशींच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) तुटतात. पेशी पुढे सरकेल तितकीच वाट मोकळी होते.