अमेरिकेतली भूक आणि ती मोजण्याचा वाद

अमेरिकेच्या कृषी खात्याने सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर केलं की, घराघरांतल्या अन्नसुरक्षेचा वार्षिक अहवाल आता बंद होणार. २०२४ सालचा शेवटचा. अहवाल खर्चिक आहे, अनावश्यक आहे आणि त्यात राजकारण शिरलं आहे, असं खात्याचं म्हणणं. याच अहवालानुसार २०२३मध्ये १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. या घरांत ४ कोटी ७४ लाख माणसं राहत होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात खरंच इतकी भूक आहे का, हा वाद मात्र तिथे जवळपास साठ वर्षं जुना आहे.

त्याचं मूळ दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागात सापडतं. कापूस वेचणारी यंत्रं आली, तणनाशकं आली आणि खुरपणी-वेचणीवर पोट असलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांची कामं गेली. त्याच सुमारास अनेक काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, सरकारी शिधा फुकट वाटणं थांबवून फूड स्टॅम्प म्हणजे अन्नाच्या कुपनांची योजना घेतली. पण ही कुपनं तेव्हा विकत घ्यावी लागत. कसलीच कमाई नसलेल्या कुटुंबालाही माणशी महिना २ डॉलर मोजावे लागायचे. ज्या घरात आठवडे-आठवडे रोख पैसा दिसत नाही, तिथे हे दोन डॉलर आणायचे कुठून? म्हणजे गरिबांसाठीची योजना आली आणि सर्वांत गरीब होते तेच बाहेर राहिले.

मेरियन राइट या तरुण वकील बाईंनी हे सेनेटच्या उपसमितीपुढे मांडलं. एप्रिल १९६७मध्ये सेनेटर रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क स्वतः पाहायला गेले. क्लीव्हलँड गावातल्या एका मोडक्या घरात एक लहान मूल जमिनीवर बसून खाली सांडलेले अन्नाचे कण चिवडत होतं. केनेडी त्याच्याशेजारी बसले, गालावरून हात फिरवत बराच वेळ बोलत राहिले. मुलाकडून काहीच प्रतिसाद आला नाही. पाठोपाठ डॉक्टरांच्या एका पथकाने डेल्टातली मुलं तपासून सेनेटपुढे साक्ष दिली. मिसिसिपीचे सेनेटर तरीही ते मानायला तयार नव्हते.

पुढची दहा वर्षं कामाची गेली. १९६८मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली सेनेटची विशेष समिती नेमली गेली, १९६९मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी पोषण परिषद बोलावली आणि १९७७च्या कायद्याने कुपनं विकत घेण्याची अट गेली.

मग अध्यक्ष रेगन यांची कारकीर्द आली. डिसेंबर १९८३मध्ये त्यांचे सल्लागार एडविन मीस म्हणाले की, मुलं उपाशी असल्याचे भरवशाचे आकडे आपण पाहिलेले नाहीत. अन्नछत्रात काही लोक जातात ते जेवण फुकट मिळतं म्हणून, असंही ते म्हणाले. जानेवारी १९८४मध्ये सरकारी कृतिदलाने सांगितलं की, भूक आहे, पण ती सर्वत्र पसरल्याचं सिद्ध करता येत नाही. लोकांना मीस यांच्या बोलण्याचा संताप आला, आणि तो रास्तच होता. पण आकडा खरोखरच कुणाजवळ नव्हता.

आकडा काढणं सोपंही नव्हतं. श्रीमंत देशात हाडं निघालेली मुलं क्वचितच दिसतात. महिनाअखेरीला पैसे संपले की स्वस्त, पिठूळ, गोड खाण्यावर दिवस काढले जातात, त्यामुळे अर्धपोटी राहणारा माणूस जाडही असू शकतो. वजनकाट्यावर ही भूक दिसत नाही. आपल्याकडे गरीब-उपाशी कुणाला म्हणायचं, हे ठरवणाऱ्या उष्मांकांच्या निकषावरून अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्यात झालेला वाद ज्यांना आठवतो, त्यांना यातली मेख लगेच कळेल. निकष जरासा सरकवला की कोट्यवधी माणसं उपाशी ठरतात किंवा पोटभर जेवलेली ठरतात.

अमेरिकेने अखेर माणसांनाच विचारायचं ठरवलं. १९९५पासून दरवर्षी १८ प्रश्न विचारले जाऊ लागले. घरात मुलं नसतील तर १०. पैसे हातात येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? पैसे नव्हते म्हणून मोठ्यांनी ताटातलं कमी केलं का, एखादं जेवण टाळलं का? दिवसभर उपाशी राहावं लागलं का? शेवटी प्रश्न मुलांवर येतात, कारण बहुतेक घरांत आईबाप आधी स्वतःचा घास कमी करतात.

काळजी म्हणजे भूक नव्हे, हा टीकाकारांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. २००६मध्ये खात्याने अहवालातून ‘भूक’ हा शब्दच काढला आणि ‘अति-कमी अन्नसुरक्षा’ असा शब्दप्रयोग आणला. तज्ज्ञांच्या दृष्टीने ते काटेकोर असेलही; मला मात्र तो शब्द गेल्याचं दुःख वाटतं. पण निदान मोजणी चालू राहिली होती.

जुलै २०२५च्या कायद्याने फूड स्टॅम्प मिळण्यासाठी काम करण्याच्या अटी ६४ वर्षांपर्यंतच्या माणसांना लागू केल्या. आधी ही मर्यादा ५४ होती. या बदलानंतर किती घरांत जेवणं टाळली गेली, हे वर्षानुवर्षांच्या तुलनेतून ज्या प्रश्नावलीने सांगितलं असतं, तिचाच अहवाल दोन महिन्यांनी बंद झाला.