अंतराळ कचरा निर्मूलन

निकामी उपग्रह, रॉकेटचे वापरून झालेले टप्पे आणि त्यांचे तुकडे पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून काढून टाकण्याचे काम. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी जळगावकडच्या आकाशातून जळत गेलेली ठिणग्यांची रांग खान्देशात अनेकांना उल्कापात वाटली. तो बहुधा चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा होता. त्याचे धातूचे कडे व गोळे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात सापडले. याला मात्र निर्मूलन म्हणत नाहीत. विरळ हवेच्या घर्षणाने तो आपोआप उतरला. वेळ आणि जागा कोणी ठरवली नव्हती.

साधारण ४०० किमी उंचीवरची वस्तू एक-दोन वर्षांत अशी खाली येते, ८०० किमीवरची शतकभर किंवा त्याहून अधिक काळ फिरत राहते. तिथे वेग सेकंदाला सुमारे ७.५ किमी, म्हणजे नंदुरबार ते भुसावळ सरळ रेषेत बावीस सेकंदांत. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह सुमारे ७९० किमीवर धडकले आणि दोनाचे दोन हजारांवर तुकडे झाले. म्हणून एकेक बारीक तुकडा वेचण्यापेक्षा मोठी धुडे फुटण्याआधी उतरवणे शहाणपणाचे.

खरी अडचण धरण्यात आहे. मेलेले धूड गोते खात असते, त्याला पकडण्यासाठी कडी नसते, ते संदेशही देत नाही. पाठलाग करणारे यान आधी त्याच उंचीच्या आणि त्याच कलाच्या कक्षेत जाते (कक्षेचा कल एक अंशाने बदलायलाही सेकंदाला सुमारे १३० मीटरचा वेगबदल लागतो, म्हणून एका फेरीत चार ठिकाणचा कचरा उचलणे परवडत नाही). मग कॅमेऱ्याने व लेसरने गोते मोजायचे, त्याच्या फिरण्याशी जुळवून घ्यायचे आणि रॉकेट इंजिनच्या नळकांड्याला (नॉझलला) किंवा उपग्रह रॉकेटला जोडणाऱ्या कड्याला यांत्रिक हाताने धरायचे. धक्का चुकला तर धूड दूर ढकलले जाते, वाईट म्हणजे फुटते. जाळे व भाला यांची चाचणी ‘रिमूव्हडेब्री’ या युरोपीय चाचणी यानाने २०१८-१९ मध्ये घेतली, दोन्ही साधले, शेवटचे ओढशीड (विरळ हवेचा अडथळा वाढवून यान लवकर खाली आणणारे शीड) मात्र उघडल्याचे दिसले नाही. जपानी ‘अ‍ॅड्रास-जे’ २०२४ मध्ये एका जुन्या एच-२ए रॉकेटच्या टप्प्याच्या सुमारे १५ मीटर जवळ गेले, पण त्याला धरणे त्या मोहिमेत नव्हतेच.

धरल्यावर उलट दिशेने इंजिन चालवतात. ८०० किमीवरून कक्षेचे खालचे टोक ५० किमीपर्यंत आणायला सेकंदाला सुमारे २०० मीटर वेग कमी करावा लागतो. तीन टनांच्या टप्प्याला साध्या हायड्राझीनचे तीनशे किलोच्या आसपास इंधन जाते. जड भाग पूर्ण जळत नाहीत, म्हणून रोख निर्जन समुद्राकडे ठेवतात. ३५,७८६ किमीवरच्या भूस्थिर उपग्रहांना खाली आणणे महाग. त्यांना सुमारे ३०० किमी वर सरकवून सोडतात.

स्वतःचे इंधन शिल्लक ठेवून उतरणे सगळ्यांत स्वस्त. इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह असाच ७ मार्च २०२३ रोजी पॅसिफिकवर उतरवला, आणि तेही त्याची घडण अशा उतरण्यासाठी झालेली नसताना.

कचरा टाकून दिला म्हणून बेवारस होत नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार व ताबा कायम राहतो आणि मूळ मालकी बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या धुडाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जमिनीवर पडलेला तुकडाही मूळ मालकाचाच. शेतात सापडला तरी शेतकऱ्याचा नाही.